साखरेच्या पुस्तकात मासळी कुठे आहे?

वसाहतकालीन साखरेवर एकच पुस्तक वाचायचं म्हटलं, तर लोक तुमच्या हातात सिडनी मिंट्झ यांचं ‘स्वीटनेस अँड पॉवर’ (१९८५) ठेवतात. बरोबरच करतात. कॅरिबियन बेटांवरचा ऊस आणि इंग्लंडातल्या कामगाराच्या चहातली साखर ही दोन टोकं त्यात फार चांगली जोडली आहेत. पण वाचताना माझा एक प्रश्न सुटेना: ऊस तोडणारा माणूस स्वतः काय खात होता?

पुस्तकात याला जागा फार थोडी आहे. बार्बाडोससारख्या बेटावर तर इतकी जमीन उसाखाली गेली होती की धान्य, लाकूड, घोडे हे सगळं बाहेरून यायचं, बरंचसं उत्तर अमेरिकेतल्या वसाहतींतून. न्यू इंग्लंडची खारवलेली कॉड मासळी यायची. चांगला माल युरोपला, तुटका-बिघडलेला गुलामांना. पिंपांच्या फळ्याही तिकडच्याच. रमसाठी पांढरा ओक, साखर-काकवीसाठी तांबडा. तांबड्याच्या वाहिन्या उघड्या असतात, रम झिरपते. (विज्ञानवालीला हे गाळवेना.) बदल्यात काकवी आणि रम जायची.

हा पुरवठा तुटल्यावर काय होतं, ते जमैकात दिसलं. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात रीतसर व्यापार थांबला. युद्ध संपताना, १७८३ मध्ये, लंडनने अमेरिकन जहाजांना बेटं बंद केली. तिथली खारवलेली मासळी तर ब्रिटिश जहाजांतूनही आणायची नाही. त्यात १७८० पासून चक्रीवादळांची रांग लागली, केळीच्या बागा आडव्या झाल्या. १७८० ते १७८७ दरम्यान उपासमार आणि त्यातून आलेल्या आजारांनी सुमारे १५,००० गुलाम मेले, असा अंदाज जमैकाच्या असेंब्लीने, म्हणजे मळेवाल्यांच्याच सभेने, दिला. तिला अमेरिकेचा व्यापार पुन्हा खुला हवा होता, तेव्हा आकडा जरा जपूनच घ्या. उपासमार मात्र खरी होती.

मिंट्झना हे ठाऊक नव्हतं असंही नाही. १९६० मध्ये डग्लस हॉल यांच्यासोबत त्यांनीच जमैकातल्या गुलामांनी स्वतःच्या पोटासाठी कसलेले जमिनीचे तुकडे आणि त्यांचे बाजार यांवर लिहिलं होतं. मग मोठ्या पुस्तकातून ते का निसटलं? मला वाटतं, खोट रचनेतच आहे. ‘उत्पादन’ आणि ‘उपभोग’ अशी वेगळी प्रकरणं पाडली की उत्पादन करणाऱ्याचा उपभोग कुठेच बसत नाही. मळ्याच्या वहीतही तो खर्चाच्याच रकान्यात होता.

पुस्तक वाचाच. फक्त ‘उत्पादन’ प्रकरण संपलं की पुढे जाण्याआधी रिचर्ड शेरिडन यांचा याच उपासमारीवरचा १९७६ चा लेख काढा.