काडतूस-पुनर्भरणाचे शिक्षणग्रंथ : निवडीची एक कसोटी

अबुल फजलाच्या ‘ऐने-अकबरी’त वऱ्हाड सुभ्याच्या वर्णनात लोणारचा उल्लेख येतो, आणि काच, साबण व सोरा यांच्या द्रव्यांपासून तेथे महसूल मिळत असल्याची नोंद एकाच ओघात केलेली आढळते. वस्तुतः बुलढाणा जिल्ह्यातील या सरोवराचा क्षार मुख्यतः सोडियम कार्बोनेटचा आहे. सोरा म्हणजे पोटॅशियम नायट्रेट. पहिला काचेच्या भट्टीत उपयोगी, दुसरा बंदुकीच्या दारूत. लोणारच्या व्यवहारात सरोवरातील क्षारांनाही डल्ला, निमक-डल्ला, खुप्पल, पापडी, भुसकी अशी पृथक् नावे होती. ‘खार’ या सामान्य शब्दाने हे भेद झाकले जातात. इतिहासाच्या अभ्यासकाला असा घोटाळा एका तळटीपेने निस्तरता येतो. परंतु वापरलेल्या पुंगळीत नवी टोपी, दारू व गोळी बसविण्याचे शिक्षण देणाऱ्या ग्रंथात तो झाल्यास वाचकाचा डोळा किंवा हात जाण्याचा प्रसंग येतो. म्हणून नामनिश्चिती ही या ग्रंथप्रकाराची पहिली कसोटी मानली पाहिजे.

मराठीत ‘बंदुकीची दारू’ या एकाच संज्ञेत दोन भिन्न द्रव्ये येतात. एक, सोरा, कोळसा व गंधक यांची काळी दारू. दुसरे, व्हिएल या फ्रेंच रसायनज्ञाने 1884 मध्ये सिद्ध केलेल्या नायट्रोसेल्युलोजच्या दारूपासून पुढे विकसित झालेली निर्धूम दारू. काळी दारू मापाने भरण्याची जुनी रीत आहे. त्याच मापाने निर्धूम दारू भरल्यास नळी फुटू शकते. ‘ग्रेन’ या परिमाणाचेही तसेच. एका ग्रॅममध्ये सुमारे 15.43 ग्रेन असतात. अनुवादकाने ग्रेनचा ग्रॅम केला, तर वाक्य निर्दोष राहील आणि वजन पंधरापटीने चुकेल.

या दृष्टीने इंग्रजीतील काही ग्रंथ पाहण्याजोगे आहेत. फिलिप शार्प यांचा 1937 चा ग्रंथ माहितीने समृद्ध आहे. तथापि त्यातील अनेक दारू आता निर्माण होत नाहीत, त्यामुळे त्याची कोष्टके इतिहासाची साधने ठरतात. अर्ल नॅरामोर यांच्या 1954 च्या ग्रंथाचा भर, नावाप्रमाणेच, तत्त्वे व प्रक्रिया यांवर आहे. दाब का वाढतो हे समजलेल्या वाचकाला तो आजही शिकवू शकतो. लायमन कंपनीची पुस्तिका नव्या आवृत्त्यांतून अद्ययावत होत आली आहे. कोष्टकासाठी अशाच चालू आवृत्तीकडे वळावे.

नवशिक्याला विवेचन नको, सुटसुटीत कोष्टकच हवे, असा आक्षेप घेतला जातो. परंतु कोष्टकातील आकडा विशिष्ट दारू, गोळी, पुंगळी व टोपी यांच्या जोडणीपुरताच खरा असतो. त्यांतील एक घटक बदलला की तो आकडा आधार राहत नाही, आणि ही मर्यादा विवेचनावाचून कळत नाही. सबब तत्त्वग्रंथ आधी आणि कोष्टक नंतर, तेही दारूच्या उत्पादकाच्या चालू माहितीशी ताडून, हाच क्रम ग्राह्य होय.

एक उणीव मात्र या सर्व परदेशी ग्रंथांत राहणारच. भारतात 1959 च्या शस्त्र अधिनियमाचे 5 वे कलम दारूगोळ्याच्या निर्मितीस अनुज्ञप्ती आवश्यक ठरविते. घरगुती छंद गृहीत धरणारे प्रकरण येथील वाचकापुढे जसेच्या तसे ठेवणे म्हणजे त्याची दिशाभूल होय. ज्या ग्रंथाच्या आरंभी पदार्थाचे नाव, मापाचे परिमाण व कायद्याची मर्यादा स्पष्ट नाही, तो कितीही सुबोध असला तरी नवशिक्याच्या हाती देण्यास अयोग्य समजावा.