हिब्रू ‘बासार’ आणि मराठी ‘देह’

पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्तिसदनात हिब्रू व ग्रीक मुळांवरून समग्र बायबल मराठीत उतरविले. १९२२ साली त्या निवर्तल्या. १९२४ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध झाला. सामान्य स्त्रियांस कळेल अशी भाषा, हा त्यांचा संकल्प होता. याच कसोटीने पाहता प्रीती व देह यांविषयीचे हिब्रूचे मर्म मराठी बायबलांच्या रूढ शब्दांत कितपत उतरले आहे, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे.

‘अहावा’ या शब्दाची अडचण फारशी नाही. इसहाकाची रुचकर अन्नाची आवड, रिबेकेची याकोबावरील माया आणि इस्राएलाची देवावरील भक्ती एकाच धातूने सांगितली आहे. अनुवाद या पुस्तकातील ही प्रीती प्राचीन राजांच्या करारांतील निष्ठेशी नाते सांगते, हे विल्यम मोरन यांनी १९६३ मध्ये दाखविले. ‘प्रीती’ हा शब्द हा सारा भार पेलू शकतो. आनेकलच्या परिसरात वाचल्या जाणाऱ्या कानडी बायबलातही तोच शब्द आहे.

खरी अडचण ‘हेसेद’ची. त्यासाठी मराठीत पुष्कळदा ‘दया’ येते. परंतु दया ही वरच्याने खालच्यावर करावयाची असते. हेसेद हा जोडलेल्या नात्याचा धर्म आहे. रूथच्या पुस्तकात तो विधवा सुनेच्या वागण्यासही लागतो. सुनेने सासूवर दया केली, असे मराठी माणूस कधी म्हणेल काय? आपल्याकडे ‘जागणे’ हे क्रियापद आहे. माणूस मिठाला, शब्दाला, नात्याला जागतो. संतांचा देव ब्रीदाला जागतो. हेसेदचा अर्थ येथे जितका जवळ येतो, तितका तो दयेत येत नाही.

‘रहमीम’ म्हणजे करुणा. तिचे नाते ‘रेहेम’ म्हणजे गर्भाशय या शब्दाशी आहे. ‘पोटातली माया’ म्हणणाऱ्या मराठीस हे समजावून सांगावे लागू नये. येथे प्रेमाचे मूळच शरीरात आहे.

म्हणूनच ‘बासार’चा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. बासार म्हणजे खाण्याचे मांस, माणसाचे शरीर, रक्ताचा आप्त आणि ‘सर्व बासार’ म्हणजे यच्चयावत प्राणिमात्र. उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायातील पतिपत्नींसाठी मराठीने ‘एकदेह’ हा शब्द योजिला. शब्द सभ्य आहे, सुबोध आहे. पण मराठी मनात ‘देह’ एकटा येत नाही. ‘देहबुद्धी’ टाकून देण्याचा उपदेश तो संगे आणतो. हिब्रू बासार दुबळा व नश्वर आहे, पण आत्म्याचा वैरी नव्हे. यहेज्केल तर पाषाणहृदय जाऊन बासाराचे हृदय मिळेल, असे आश्वासन देतो.

‘मांस’ योजावे तर स्वयंपाकघर आठवते, हा आक्षेप खरा आहे. आप्तत्वाचा अर्थ विज्ञानेश्वराच्या मिताक्षरेत सापडतो: तेथे ‘सपिंड’ म्हणजे एकाच शरीराचे अंश असलेले. पण हा शब्द शास्त्र्यांचा. रमाबाईंच्या वाचक स्त्रियांचा नव्हे. त्यांच्या तोंडी ‘हाडामांसाचा’ हा शब्द होता, आणि हिब्रूतही आप्ताला ‘माझे हाड व माझे मांस’ असेच म्हणतात.

सर्वत्र एकच प्रतिशब्द चालणार नाही, हे उघड आहे. परंतु जेथे नाते बोलते तेथे हाडमांस आणि जेथे निष्ठा बोलते तेथे जागणे, एवढे जरी पुढील अनुवादकाने केले, तरी रमाबाईंचा संकल्प त्यांच्याच वाटेने एक पाऊल पुढे जाईल.