विराम कोणासाठी?

इंग्रजीच्या उत्तरपत्रिका तपासताना नववीतल्या एका मुलीची उत्तरपत्रिका आमच्या हाती आली. दिलेल्या उताऱ्यात विरामचिन्हे घालायची होती. स्वल्पविराम हवा तिथेच होता, पण त्याची शेपटी वर वळलेली. प्रश्नचिन्हही जागेवर होते, फक्त त्याचे तोंड उलट्या बाजूला. उर्दूत ही चिन्हे अशीच काढतात. नियमाप्रमाणे आम्ही दोन गुण कापले. कापले खरे, पण या मुलीचे चुकले काय, हा प्रश्न मनातून जाईना. वाक्य कुठे थांबते ते तिला कळले होते. चूक झाली ती फक्त हाताच्या सवयीची.

आमच्या लोणंदसारख्या गावातले उर्दू माध्यमाचे मूल रोज किती पूर्णविरामांना सामोरे जाते, याचा विचार आपण सहसा करत नाही. उर्दूत वाक्य संपले की छोटी आडवी रेघ येते, तिला ख़त्मा म्हणतात. हिंदीत उभा दंड. मराठीत आणि इंग्रजीत टिंब. एक लिपी उजवीकडून डावीकडे धावते, बाकीच्या डावीकडून उजवीकडे. त्यात हे मूल शाळेच्या आधी मकतबमध्ये जाऊन आलेले असते आणि तिथे विरामाचा पहिला धडा त्याने केव्हाच गिरवलेला असतो. कुरआन शरीफ वाचताना ओळीवर लहानशी 'मीम' दिसली की थांबणे आवश्यक, 'जीम' दिसली तर थांबले तरी चालेल, 'ला' दिसले तर थांबायचे नाही. सहा-सात वर्षांचे मूल हे न चुकता पाळते. पुढे तेच मूल इंग्रजीच्या तासाला 'याला विरामचिन्हे कळत नाहीत' असे ऐकून घेते. ही विसंगती आम्हां शिक्षकांना खटकायला हवी होती, ती खटकली नाही.

इंग्रजीच्या वर्गात प्राचीन वाङ्मय म्हटले की ग्रीकांपासून सुरुवात होते. तीच गोष्ट घेऊ. जुने ग्रीक ग्रंथ शब्दांत अंतर न ठेवता, सलग लिहिलेले असत. शब्द कुठे तुटतो ते वाचणाऱ्याने ओळखायचे. इ. स. पू. दुसऱ्या शतकाच्या सुमारास अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयातल्या ॲरिस्टोफेनीस नावाच्या विद्वानाने वर, मध्ये आणि खाली असे तीन उंचींवर टिंब देण्याची पद्धत घातली. कोणते टिंब कुठे आहे त्यावरून किती थांबायचे ते ठरे. म्हणजे चिन्ह जन्मले ते श्वासासाठी. व्याकरणाच्या नियमांत ते पुढे बसवले गेले. हे शहर होते मिसरमधले. ग्रीक ही ज्यांची घरची बोली नव्हती असेही लोक तिथे ग्रीक वाचत होते.

आता आपल्याकडे पाहू. आरंभीच्या मुसहफांत ज़ेर-ज़बर नव्हते. ज्यांची मातृभाषा अरबी होती त्यांना त्यांची गरजही नव्हती. इस्लाम अरबस्तानाबाहेर गेला, अजमी लोक वाचू लागले, तशी खुणांची गरज भासली. थांबण्याच्या ज्या खुणा आमची मुले आज पाळतात त्यांची व्यवस्था लावली बाराव्या शतकातल्या सजावंदी यांनी. सजावंद हे गाव आजच्या अफगाणिस्तानात येते.

आणि मराठी? पोथ्यांत दंड होते, पण मोडी कागदांत शब्दही सुटे नसत. जुन्या इनामपत्रातला एखादा शब्द कुठे संपतो यावर वाद व्हावा, अशी ती सलग लिहिणी. मराठी गद्याला आजची विरामचिन्हे लावून दिली ती मेजर टॉमस कँडी यांनी. 'विरामचिन्हांची परिभाषा' हे त्यांचे पुस्तक १८५० चे. मोल्सवर्थ यांच्याबरोबर कोशाचे काम केलेला हा इंग्रज गृहस्थ मराठी परका म्हणून शिकला होता.

तिन्ही ठिकाणी एकच गोष्ट दिसते. भाषेत नवख्या माणसाला वाट सापडावी म्हणून विरामचिन्ह आले. ज्याच्या जिभेवर भाषा आहे त्याचे त्यावाचून फारसे अडत नाही. अडते ते बाहेरून येणाऱ्याचे. मग ज्या मुलासाठी ही सोय झाली, त्याच मुलाला अडवण्यासाठी आपण ती वापरतो, याला काय म्हणावे?

चिन्हाचा अर्थाशी असलेला संबंध मुलांना कळत नाही असे मुळीच नाही. लोणंदचा बाजार कांद्याचा. आम्ही फळ्यावर लिहिले, 'कांदा विकू नका ठेवू'. व्यापाऱ्याने गावी असा निरोप धाडला तर घरच्यांनी काय करायचे? 'विकू नका, ठेवू' की 'विकू, नका ठेवू'? एका स्वल्पविरामावर सारा माल इकडचा तिकडे होतो. वर्ग हसला, आणि त्या दिवशी नियम पाठ करून घ्यावा लागला नाही.

साहित्याच्या परिभाषेचीही हीच कथा आहे. इंग्रजीच्या तासाला मूल 'सिमिली', 'मेटॅफर', 'हायपरबोल' यांच्या व्याख्या घोकते. उर्दूच्या तासाला तेच मूल तश्बीह, इस्तिआरा, मुबालगा शिकलेले असते. मराठीच्या तासाला उपमा, रूपक, अतिशयोक्ती. या तीन कप्प्यांच्या मध्ये दार आहे, हे त्याला कोणी सांगत नाही. माधव जूलियन फारसी शिकवत होते. १९२५ मध्ये त्यांनी फार्शी-मराठी कोश दिला, मराठी छंदांचा शास्त्रशुद्ध विचार केला आणि गझल मराठीत रुजवली. असे दार उघडल्यावर काय घडते, याचा हा पुरावा.

'ॲलेगरी' या एका संज्ञेकडे पाहा. मार्गदर्शक पुस्तकांत उदाहरण ठरलेले, जॉन बन्यनचा 'पिलग्रिम्स प्रोग्रेस', १६७८. हरि केशवजींनी १८४१ मध्ये तो 'यात्रिकक्रमण' म्हणून मराठीत आणला. थोर ग्रंथ आहे, शिकवावाच. पण त्याआधी १६३५ मध्ये गोवळकोंड्यात मुल्ला वजहीने दखनी गद्यात 'सबरस' लिहिला. त्यात अक़्ल, दिल, हुस्न हीच पात्रे आहेत. त्याच शतकात श्रीगोंद्याचे शेख महंमद 'योगसंग्राम' रचत होते. साधना हीच लढाई, हे रूपक ग्रंथाच्या नावातच आहे. तीन धर्मपरंपरा, तीन भाषा, एकच शतक, आणि मनाच्या आतली गोष्ट माणसांच्या रूपाने सांगण्याची एकच तहान. ॲलेगरीची व्याख्या याहून सोपी कशी करावी?

इथे कोणी म्हणेल, 'आमच्याकडे हे सारे आधीच होते' हाच हा जुना अभिमान. तसे नाही. तारखांची शर्यत लावून मुलाला इंग्रजी येत नाही. त्या अभिमानाला आमच्या घरात आधारही कमी आहे. रा. चिं. ढेरे यांनी 'मुसलमान मराठी संतकवी' हे पुस्तक लिहिले. आपल्यापैकी कितींनी ते उघडून पाहिले? माउलींची पालखी नीरा ओलांडून लोणंदला मुक्कामाला येते, तेव्हा ओवीचा थांबा आमची मुले कानांनी ऐकतात. पण शेख महंमद याच ओवीत लिहीत होते हे त्यांना ठाऊक नसते, कारण ते आम्ही सांगितलेले नसते. दोष अभ्यासक्रमाचा आहे, त्याहून अधिक आमचा आहे.

आमचे म्हणणे एवढेच की मूल इंग्रजीच्या वर्गात रिकाम्या हाताने येत नाही. ते काय घेऊन आले हे विचारल्याशिवाय नवे देऊ नये. संज्ञा शिकवताना वहीच्या पानाचे तीन उभे भाग करावेत, उर्दू, मराठी, इंग्रजी. उताऱ्यात चिन्हे घालण्याआधी तो मोठ्याने वाचून घ्यावा. श्वास थांबेल तिथे बोट ठेवावे, मग पेन्सिल. सगळी चिन्हे श्वासाने सुटत नाहीत, काहींसाठी व्याकरण लागतेच. पण सुरुवात इथून केली तर भीती जाते.

त्या मुलीचे दोन गुण आम्हाला परत देता आले नाहीत, नियम नियमच. पण तिची वही परत करताना आम्ही लाल शाईने खाली लिहिले, 'थांबलीस बरोबर जागी. आता फक्त चिन्हाचे तोंड फिरव.' पुढच्या चाचणीत ते तिने फिरवले होते.