ॲक्रिलिक रंग आणि समीक्षेची उसनी परिभाषा

ॲक्रिलिक रंगांत काढलेल्या चित्रांवर एक आक्षेप वारंवार घेतला जातो. हा रंग सपाट आहे, त्याला तैलरंगाची खोली नाही, त्याच्या पृष्ठभागात जिवंतपणा नाही, असे त्याचे स्वरूप असते. या आक्षेपातील जवळजवळ प्रत्येक शब्द तैलचित्राच्या परिभाषेतून आलेला आहे. ज्या गुणांच्या अभावाबद्दल दोष दिला जातो, ते गुण द्रव्याच्या घडणीतून कसे उद्भवतात हे पाहिल्यावाचून त्या आक्षेपाचे मूल्य ठरविता येणार नाही.

तैलरंगातील जवसाचे तेल हवेतील ऑक्सिजन शोषून घट्ट होते. या क्रियेस दिवस, कधी आठवडेही लागतात. तोवर एक छटा दुसरीत विरघळविता येते. ‘खोली’ हा शब्द मुख्यतः या अवसरातून आला. ॲक्रिलिक रंगात बहुवारिकाचे सूक्ष्म कण पाण्यात विखुरलेले असतात. पाणी उडून गेले की ते एकमेकांस चिकटून अखंड पटल तयार होते. पातळ थर काही मिनिटांत सुकतो आणि मग पाण्याने विरघळत नाही. दुधाळ बंधक सुकताना पारदर्शक होत असल्याने छटा किंचित गडद होते. तेलाने उघडे सुती कापड कालांतराने कुजते. ॲक्रिलिकने तसे होत नाही. सारांश, येथे मिसळण्यास अवसर थोडा, पण खालच्या थरास धक्का न लावता वर थर चढविण्यास वाव मोठा.

डेव्हिड हॉकनी यांचे १९६७ मधील ‘अ बिगर स्प्लॅश’ हे चित्र या दृष्टीने पाहण्याजोगे आहे. त्यातील आकाश व पाणी रोलरने सपाट भरलेले आहे. क्षणभर उसळलेले पाणी मात्र लहान कुंचल्यांनी सुमारे दोन आठवडे खपून रंगविलेले आहे. तेथील सपाटपणा हा उणेपणा नव्हे. त्या निश्चल पार्श्वभूमीवाचून उसळीला अर्थच उरला नसता.

तथापि द्रव्यच शैली घडविते, असा उलट निष्कर्षही टिकत नाही. तैयब मेहता यांच्या ‘महिषासुर’ (१९९७) या ॲक्रिलिक चित्रातील सपाट रंगक्षेत्रे त्यांच्या १९६९ पासूनच्या ‘डायगोनल’ मालिकेत तैलरंगातच सिद्ध झालेली होती. याउलट, त्यांच्याप्रमाणेच मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेले सय्यद हैदर रझा यांचे ‘सौराष्ट्र’ (१९८३) ॲक्रिलिकमध्ये असूनही कुंचल्याच्या वेगाने आणि रंगांच्या उष्णतेने भरलेले आहे. द्रव्य मुभा देते, आज्ञा करीत नाही.

ॲक्रिलिकचे खरे दोष वेगळेच आहेत. सामान्य तापमानात त्याचे पटल मऊ राहते व धूळ धरून ठेवते. कडक थंडीत ते ठिसूळ होते. पाण्याने स्वच्छ करताना त्यातील काही घटक निघून जाण्याचा धोका असतो. चित्रांच्या जतनाचा प्रश्न या दोषांशी निगडित आहे, आणि समीक्षेत त्यांचा उल्लेख क्वचितच आढळतो. उसन्या परिभाषेमुळे नसलेला दोष दिसतो आणि असलेला झाकला जातो. ॲक्रिलिकच्या समीक्षेस आपली परिभाषा त्या द्रव्याच्या धर्मांतूनच घडवावी लागेल.