कुरूप बोटीचं देखणं इंजिन

'जेरेमाया ओब्रायन' ही मालवाहू बोट देखणी नाही. बोजड पोट, सरळसोट बाजू आणि मधोमध एकच धुराडं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेनं 'लिबर्टी' जातीच्या अशा २,७१० बोटी बांधल्या. वर्तमानपत्रांनी त्यांना कुरूप बदकं ठरवलं. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टनाही ते रूप रुचलं नव्हतं. आपली ही बोट जून १९४३ मध्ये मेन राज्यातल्या साउथ पोर्टलंडला पाण्यात उतरली.

हिचा खरा रस घ्यायचा तर डेकवर रेंगाळू नये, थेट इंजिनरूममध्ये उतरावं. तिथं ओळीनं उभे असलेले तीन सिलिंडर २४.५, ३७ आणि ७० इंच व्यासाचे आहेत. बॉयलरची वाफ आधी लहानग्यात राबते, तिथून दाब उतरलेली मधल्यात, आणि पार दमलेली सर्वांत मोठ्यात. वाफ जितकी अशक्त, तितका दट्ट्या रुंद. त्यामुळे तिघांचा जोर जवळपास सारखा पडतो. काय सुरेख हिशेब आहे हा! अडीच हजार अश्वशक्तीचं हे धूड उघड्यावर फिरतं, एकही सांधा झाकलेला नाही. गरगरणाऱ्या बेअरिंगला तेल घालणारा ऑइलर हात लावून ते तापलंय का ते पाही. ताल चुकला की बोटं गेली.

१९४३ मध्येही हे तंत्र जुनाटच होतं. पण टर्बाइन युद्धनौकांना हवी होती, आणि हे इंजिन नवख्यांनाही लवकर उमगे. वेग जेमतेम ११ नॉट. पाण्यावर आलेली जर्मन पाणबुडी १७ नॉटनं पळे. एकट्या बोटीचं मरण ठरलेलं, म्हणून बोटी काफिल्यानं जात. तिथं एकानं पुढं धावण्यात शहाणपण नव्हतं; सगळ्यांनी एका चालीनं जायचं. नॉर्मंडीच्या चढाईत हिनं इंग्लंडहून अकरा खेपा केल्या. पुढं प्रशांत महासागर, भारत, चीनही झालं.

मग युद्ध संपल्यावर कॅलिफोर्नियातल्या सुसून खाडीत ३३ वर्षं नुसती उभी. १९७९ मध्ये तिथून निघाली ती स्वतःच्या वाफेवर. १९९४ मध्ये पिकल्या केसांच्या स्वयंसेवक खलाशांनी तिला पुन्हा नॉर्मंडीला नेलं. 'टायटॅनिक' चित्रपटात जे इंजिन धडधडतं, तेही हिचंच. त्या श्रीमंत बोटीपेक्षा मला ही हमाल बोट अधिक ऐटदार वाटते.

लेक-जावई बे एरियात असतील, तर सॅन फ्रान्सिस्कोच्या धक्क्यावर हिला पाहायला जरूर जा. मात्र इंजिन चालवतात तो दिवस आधी विचारून घ्या.