फोटो स्टॉप : १० मिनिटं

तळवलीतल्या आमच्या घरात नेटवर्क फक्त गॅलरीत येतं. त्यामुळे अदिस अबाबाची ‘सिटी टूर’ मी पहिल्यांदा वाचली ती गॅलरीत, वाळत घातलेल्या कपड्यांच्या मधे उभं राहून. व्हॉट्सॲपवर आलेली एका पानाची पीडीएफ. २०१९च्या फेब्रुवारीत मी झांबियाला मावसभावाकडे निघालो होतो. वाटेत अदिसला एक अख्खा दिवस आणि रात्र थांबायचं होतं. तिकीट काढून देणाऱ्या एजंटने, हॉटेलात झोपून काय करणार, असं म्हणत ही टूर गळ्यात मारली.

ती पीडीएफ अजून माझ्या फोनमध्ये आहे. इजिप्तला निदान मीना प्रभूंचं ‘इजिप्तायन’ मिळालं. अदिस अबाबावर मी निघण्याआधी मराठीत वाचलेला एकमेव मजकूर म्हणजे हे पान. म्हणून तिच्याकडे मी एक लेखन म्हणूनच बघतो. तिला लेखक आहे, शैली आहे, काय सांगायचं आणि काय गाळायचं याचा निर्णयही आहे. वर्षाला हजारो मराठी माणसं प्रवासवर्णन न वाचता परदेशी जातात, पण असली एक पीडीएफ वाचल्याशिवाय कुणी जात नाही. तरीही तिचं परीक्षण कुणी लिहीत नाही.

पीडीएफमध्ये सहा चौकटी आहेत. होली ट्रिनिटी कॅथेड्रल, सेंट जॉर्ज कॅथेड्रल, नॅशनल म्युझियम, एथ्नॉलॉजिकल म्युझियम, एक स्मारकस्तंभ आणि मर्काटो बाजार. क्रियापदं दोनच, ‘पाहणे’ आणि ‘भेट देणे’. विशेषणं तीन : भव्य, सुंदर, प्राचीन. यातलं ‘प्राचीन’ होली ट्रिनिटीला लावलंय. हे कॅथेड्रल पूर्ण झालं १९४०च्या दशकाच्या सुरुवातीला, म्हणजे वयाने ते माझ्या आजीच्या बरोबरीचं. मुळात अदिस अबाबा शहरच १८८६चं. सम्राट मेनेलिक आणि सम्राज्ञी तायतू यांनी वसवलेलं. अम्हारिक भाषेत नावाचा अर्थ ‘नवं फूल’. पण पीडीएफला नवं काही विकता येत नाही. देऊळ असो, चर्च असो, जुनं असल्याशिवाय पवित्र नाही, असा आपल्या पर्यटनाच्या मराठीचा समज आहे.

गाइड सकाळी हॉटेलवर आला. आदल्या रात्री फोनवर त्याने ‘दोन वाजता येतो’ सांगितलं होतं आणि मी वैतागलो होतो, की अर्धा दिवस गेला. तो आला आठला. इथिओपियात दिवस सूर्योदयापासून मोजतात. आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक. वर्षही तिथे तेव्हा २०११ चालू होतं.

होली ट्रिनिटीच्या दाराशी बूट काढायला लागले. पांढरी सुती वस्त्रं पांघरलेल्या बायका उंबऱ्याला कपाळ टेकवत होत्या. आत एक पडदा होता आणि त्याच्या पलीकडे फक्त पुरोहितांना जाता येतं. तिथे ‘ताबोत’ असतो, म्हणजे देवाच्या आज्ञा कोरलेल्या पाट्यांची प्रतिकृती. जानेवारीत तिमकतच्या सणाला तो वस्त्रात गुंडाळून, डोक्यावर घेऊन, वाजतगाजत पाण्याकडे नेतात. हे ऐकताना माझ्या तोंडून निघालंच, ‘अगदी आमच्यासारखं!’ गाभारा, पालखी, पायातल्या चपला, सगळं जुळत होतं.

मराठी प्रवासलेखनातलं सगळ्यात आळशी वाक्य कुठलं असेल तर हे. त्याचं जुळं भावंड म्हणजे ‘किती वेगळं ना!’ पहिलं वाक्य आलं की बघणं थांबतं, कारण ते आपल्याला आधीच माहीत असतं. दुसरं आलं तरी थांबतं, कारण ते आपल्याला कळणारच नसतं. माझं वाक्य दुपारी जेवताना उलटलं. बुधवार होता. इथिओपियन ऑर्थोडॉक्स लोकांचा बुधवार-शुक्रवार उपास असतो, त्यामुळे हॉटेलात बिनमांसाचं ताट आपोआप मिळतं. इंजेरा, म्हणजे टेफच्या आंबवलेल्या पिठाचा, घावनासारखा जाळीदार पण आंबट प्रकार, आणि त्यावर डाळींचे, भाज्यांचे ढीग. मी खूश होऊन आमच्या उपासाचं सांगायला लागलो, साबुदाणा, दही, साजूक तूप. गाइड घास हातात धरून थांबला. त्यांच्या उपासाला दूध, लोणी, तूप काहीच चालत नाही. ‘तूप खाता? मग उपास कसला?’ मी म्हटलं, ‘पण आम्हाला डाळ चालत नाही.’ तो मसूर खात होता. दोघांनाही समोरचा फसवणूक करतोय असं वाटलं असणार.

पुन्हा कॅथेड्रलकडे वळतो. पीडीएफच्या चौकटीत तिथल्यासाठी शब्द आहेत ‘सम्राटाची समाधी’. सम्राट म्हणजे हैले सेलासी. १९७४च्या लष्करी बंडाने त्यांना पदच्युत केलं, १९७५मध्ये ते कैदेतच गेले. अवशेष सापडले १९९२मध्ये, राजवाड्याच्या आवारात एका लादीखाली. ते या ग्रॅनाइटच्या कबरीत यायला नोव्हेंबर २००० उजाडलं. पंचवीस वर्षं एका देशाला आपल्या राजाचं काय करायचं हे ठरवता आलं नाही, आणि हे सगळं ‘समाधी’ या एका शांत शब्दात मावलंय. बाहेरच्या अंगणात सिल्व्हिया पँकहर्स्ट यांची कबर आहे. ब्रिटनमध्ये बायकांच्या मतदानासाठी लढलेली आणि नंतर इथिओपियाच्या बाजूने आयुष्यभर लिहीत राहिलेली ही बाई १९६०मध्ये याच शहरात वारली. पीडीएफमध्ये ती नाही. भव्य, सुंदर, प्राचीन यांपैकी तिला काय लावणार?

सेंट जॉर्ज कॅथेड्रल अष्टकोनी आहे आणि १८९६च्या आडव्याच्या विजयाची आठवण म्हणून बांधलेलं आहे. त्या लढाईत इथिओपियाने इटलीला हरवलं. नॅशनल म्युझियममध्ये ल्युसी आहे, ३२ लाख वर्षांपूर्वीची, १९७४मध्ये हादारला सापडलेली. काचेत दिसतो तो साचा, खरी हाडं तिजोरीत. जगाने तिला एका इंग्रजी गाण्यावरून नाव दिलं, तिथले लोक म्हणतात ‘दिंकिनेश’, तू अद्भुत आहेस. दोन्ही ठिकाणी मी भराभर फोटो काढले. आज ते बघताना मला काहीच आठवत नाही, हा दोष पीडीएफचा नाही.

पाचवी चौकट मात्र मी विसरू शकलेलो नाही. ‘स्मारकस्तंभ. फोटो स्टॉप : १० मिनिटं.’ नाव नाही, कारण नाही. सिदिस्त किलोच्या चौकात गाडी थांबली तर स्तंभाच्या पायाशी ताजे पुष्पहार. गाइड म्हणाला, ‘काल दिवस होता.’ काल म्हणजे १९ फेब्रुवारी. मी मुंबईहून निघालो तेव्हा आमच्या नाक्यावर डीजे लागला होता आणि भगव्या पताका होत्या, कारण शिवजयंती. इथे १९ फेब्रुवारी म्हणजे येकातित १२. १९३७मध्ये याच तारखेला इटालियन व्हाइसरॉय ग्रात्सियानीवर बॉम्ब फेकले गेले आणि त्याचा सूड म्हणून पुढचे तीन दिवस शहरात हजारो माणसं मारली. स्तंभावर त्याची शिल्पं कोरलेली आहेत. मी पुढे न जाता गाडीला टेकून उभा राहिलो. गाइडने विचारलं, फोटो काढू का तुमचा? पीडीएफच्या मते त्याच कामासाठी आम्ही थांबलो होतो. मी नको म्हणालो आणि मग त्याला वाटू नये म्हणून काढून घेतला. त्यात मी हसतोय.

स्तंभासमोरच विद्यापीठात, हैले सेलासीच्या जुन्या राजवाड्यात, एथ्नॉलॉजिकल म्युझियम आहे. त्याच्या बाहेर कुठेच न जाणारा एक गोल जिना आहे. इटालियनांनी मुसोलिनीच्या सत्तेच्या दर वर्षाला एक अशा पायऱ्या चढवल्या होत्या. ते गेल्यावर इथिओपियनांनी जिना पाडला नाही, सगळ्यात वरच्या पायरीवर स्वतःचा सिंह बसवला. मला वाटतं, त्या दिवशी मी पाहिलेली सगळ्यात चांगली टीका तीच.

त्या जिन्याजवळ बसून गाइडने विचारलं, ‘तुमच्या भाषेत आमच्या देशाला काय म्हणतात?’

मी ‘इथिओपिया’ म्हणालो. दुसरा शब्द जिभेवर होता. मी आगरी घरातला, रंगाने काळा. शाळेत सहावी ते दहावी माझं नाव ‘हबशी’ होतं. मुलं म्हणायची, एक सर सुद्धा म्हणायचे, प्रेमाने. तो शब्द एका देशाचा आहे हे मला कॉलेजात कळलं. अरबी ‘हबश’, म्हणजे अ‍ॅबिसिनिया. तिथून गुलाम म्हणून विकला गेलेला एक मुलगा दख्खनमध्ये येऊन मलिक अंबर झाला, निजामशाहीचा कारभार चालवला, १६१०मध्ये खडकी वसवलं, जे आजचं छत्रपती संभाजीनगर. तिथे नहरीने पाणी आणलं. १६२४च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले. १६२६मध्ये तो वारला, कबर खुलताबादला आहे. मुरुड-जंजिऱ्याच्या सिद्दींच्या मुलखाला जुन्या मराठीत नावच ‘हबसाण’. म्हणजे ज्या देशाला मी सहा चौकटींतून पाहत होतो तो माझ्या भाषेत चारशे वर्षं राहायला आहे. पीडीएफ लिहिणाऱ्याला हे ठाऊक नसेल, किंवा असेल आणि त्याने तो शब्द टाळला असेल, जसा मी टाळला.

शेवटी सांगितलं मी. शब्द सांगितला, तो शिवी म्हणून कसा वापरतात तेही. गाइड चिडला नाही. म्हणाला, इथे ‘हबेशा’ हा अभिमानाचा शब्द आहे. गाण्यात असतो, दुकानांच्या पाट्यांवर असतो, त्या नावाची बिअर मिळते. मला एकदम हलकं वाटलं. पाच वर्षांची शिवी कुणीतरी उलटी करून परत दिल्यासारखं. मी म्हटलं, म्हणजे तुम्ही हबेशा!

‘नाही,’ तो म्हणाला. ‘मी ओरोमो.’

हबेशा मुख्यतः उत्तरेकडच्या डोंगराळ मुलखातले, अम्हारा, तिग्राय. ओरोमोंमधले पुष्कळ जण तो शब्द स्वतःला लावून घेत नाहीत. (आणि हेही : समुद्रापार विकल्या गेलेल्या ‘हबशीं’मधले बरेच जण त्या डोंगराळ ख्रिस्ती राज्याच्या बाहेरून पकडलेले होते. ते स्वतःला हबेशा म्हणवत नसणार.) मग त्याने मला शहराचं दुसरं नाव सांगितलं, फिनफिने. ‘नवं फूल’ उमलायच्या आधी इथे ओरोमोंची वस्ती होती, गरम पाण्याचे झरे होते. २०१४पासून शहर आजूबाजूच्या शेतांवर पसरवण्याच्या आराखड्याविरुद्ध ओरोमोंनी आंदोलनं केली, माणसं मेली, २०१६च्या जानेवारीत सरकारने आराखडा मागे घेतला. हे सगळं त्याने इतक्या सपाट आवाजात सांगितलं की मला वाटलं, टूरमधलंच आहे. नव्हतं.

मी त्याला काय सांगणार होतो? माझ्या आधार कार्डावर ‘नवी मुंबई’ आहे. १९७०मध्ये सिडको आली आणि ९५ गावांच्या जमिनीवर नवं शहर मांडलं गेलं. १९८४च्या जानेवारीत जासईच्या आंदोलनात गोळीबार झाला आणि पाच जण गेले. आमच्या घरात ते पाच जण अजून येतात, भावकीच्या भांडणातसुद्धा. पण उद्या कुणी घणसोली-तळवलीची सिटी टूर काढली तर त्यात मॉल असेल, खाडीचे फ्लेमिंगो असतील. गावठाण असलंच तर एक चौकट, ‘प्राचीन’. मी हे त्याला थोडक्यात सांगितलं. ‘अगदी आमच्यासारखं’ हे वाक्य या वेळी त्याच्या तोंडी आलं. मला ते आळशी वाटलं नाही, याचं काय करायचं हे अजून ठरलेलं नाही.

आमचा मर्काटो बाजार राहिला. सहावी चौकट रिकामी. त्याऐवजी आम्ही पियासा भागात एका टपरीवजा कॅफेत मकियातो पीत बसलो. २०२४मध्ये त्याच भागात आडवा विजयाचं मोठं स्मारक-संग्रहालय उघडलं आणि रस्तारुंदीकरणात जुना पियासा बराच पाडला गेला. गाइडने तेव्हा एक फोटो पाठवला. नुसती लाल माती आणि एक उभी भिंत. खाली लिहिलं होतं, आपला कॅफे.

बदल्यात मी काय पाठवावं म्हणून गेल्या हिवाळ्यात जंजिऱ्याला गेलो. राजपुरीहून शिडाच्या होडीत बसलो. होडी पाण्यात शिरली की नावाडीच गाइड होतो. आमच्या नावाड्याचं बोलणं पाठ होतं, लयीत होतं आणि खरंच चांगलं होतं. अजिंक्य किल्ला, कलाल बांगडी तोफ, दारावरचं ते पंजात हत्ती धरलेलं श्वापद. सिद्दी त्याच्या बोलण्यात दर दुसऱ्या वाक्याला येत होता, पण फक्त किल्ला न देणारा म्हणून. तो कुठून आला, कुणी आणला, हे त्या लयीत बसत नव्हतं. होडीत कुणी विचारलंही नाही. मीही नाही, कारण व्हिडिओ काढत होतो.

रात्री तळवलीला परत आल्यावर गॅलरीत उभं राहून तो व्हिडिओ पाठवला. त्याने लगेच विचारलं, ‘हा काय सांगतोय?’ मी इंग्रजीत टाइप करायला घेतलं. पहिल्याच वाक्यात अडलो. ‘हबेशा’ लिहिलं, खोडलं. ‘सिद्दी’ लिहिलं, तेही खोडलं. मग लिहिलं, ‘तुमच्याकडून आणलेली माणसं’, आणि पुढे नावाड्याचं जसंच्या तसं.