लय, अंग आणि तैलरंग : गतिमान आकृतींच्या शिक्षणाचा प्रश्न

मराठी सौंदर्यविचारात ‘लय’ या संज्ञेइतकी प्रतिष्ठा फार थोड्या संज्ञांना लाभली आहे. बा. सी. मर्ढेकर यांच्या ‘वाङ्मयीन महात्मता’ (१९४१) आणि ‘सौंदर्य आणि साहित्य’ (१९५५) या ग्रंथांनी संवाद, विरोध आणि समतोल या लयतत्त्वांची मांडणी केली. साहित्य, संगीत व चित्र या तिन्ही कलांना एकाच निकषावर तोलण्याची शक्यता तीमुळे निर्माण झाली. तथापि पुढची बरीचशी चर्चा सिद्ध कलाकृतीभोवतीच फिरत राहिली. कलाकृतीतील लय ओळखावी कशी, यावर पुष्कळ लिहिले गेले. ती निर्माण करणाऱ्या हाताला लय येते कशी, हा प्रश्न मात्र कलाशाळांकडे सोपवून समीक्षा मोकळी झाली. प्रस्तुत लेखात हा प्रश्न एका मर्यादित क्षेत्रापुरता तपासावयाचा आहे. ते क्षेत्र म्हणजे तैलरंगात माणसाच्या व प्राण्याच्या हलत्या देहाचे भावपूर्ण चित्रण शिकणे.

या प्रश्नाचे आजचे रूप पाहण्यासाठी एखाद्या विख्यात कलाशाळेत जाण्याची आवश्यकता नाही. बंगळूरच्या आग्नेयेकडील एचएसआर लेआउट ही वसाहत होसूर व सरजापूर या दोन रस्त्यांवरून आपले नाव घेते. तिच्या कडेला आगारा तलाव आहे. माहिती-तंत्रज्ञानाच्या व्यवसायात दिवस घालवून संध्याकाळी किंवा रविवारी रंग हाती घेणारा प्रौढ शिकाऊ अशा वसाहतींत विरळा नाही. धावणारा कुत्रा, उडी घेणारे मूल, नाचणारी स्त्री हे विषय त्याला हवे असतात. त्याच्यासमोर साधन म्हणून बहुधा भ्रमणध्वनीवरील छायाचित्र असते. तो ते निष्ठेने उतरवतो. प्रमाणे बरोबर येतात, छायाप्रकाशही जमतो, आणि कुत्रा मात्र धावत नाही. या अपयशाचे खापर सरावाच्या अभावावर फोडण्याची प्रथा आहे. वास्तविक ते एका पद्धतीचे अपयश आहे, आणि त्या पद्धतीला मोठा इतिहास आहे.

मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत (स्थापना १८५७) शिक्षणाचा पाया ग्रीक मूर्तींच्या प्लास्टरच्या प्रतिकृतींवरून रेखाटन करण्यात होता. कॅप्टन ग्लॅडस्टन सॉलोमन यांच्या कारकिर्दीत, १९१९ पासून, प्रत्यक्ष मानवी देहावरून अभ्यास करण्याचे वर्ग रुजले. हा बदल महत्त्वाचा होता. परंतु प्लास्टरची मूर्ती आणि तासन्‌तास एका स्थितीत बसलेला मॉडेल यांच्यात एक साम्य उरतेच. दोघेही हलत नाहीत. या परंपरेत घडलेल्या म. वि. धुरंधर (१८६७–१९४४) यांनी आपल्या आत्मकथनाला ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ (१९४०) असे नाव दिले. मराठीत कलाशिक्षणाचा अनुभव ग्रंथरूपाने मांडणारे हे पुस्तक केवळ चरित्रसाधन म्हणून वाचले जाते. शिकण्याला किती काळ लागतो याची गणना थेट शीर्षकातच करणारे पुस्तक म्हणून त्याच्याकडे पाहिले गेले पाहिजे. अकादमीने धुरंधरांसारख्यांच्या हाताला अचूकपणा दिला, यात शंका नाही. देह स्थिर असताना कसा दिसतो, हे ती शिकवू शकत होती. हलता देह पकडण्याचे काम मात्र विद्यार्थ्याच्या स्वभावावर आणि शाळेबाहेरच्या रेखाटनवहीवर राहिले.

छायाचित्राने ही उणीव भरून काढली असे एका काळी वाटले होते. १८७८ मध्ये एडवर्ड माय्‌ब्रिज याने कॅलिफोर्नियात धावत्या घोड्याची क्रमवार छायाचित्रे घेतली, तेव्हा चित्रकारांची एक जुनी चूक उघडकीस आली. थिओडोर जेरिको याच्या १८२१ च्या एप्सम शर्यतीच्या चित्रात घोडे पुढचे पाय पुढे व मागचे मागे ताणून हवेत तरंगतात. प्रत्यक्षात चारही खूर जमिनीवरून सुटतात ते पाय पोटाखाली गोळा झालेले असताना. चित्रकार चुकला होता, कॅमेरा बरोबर होता. असे असूनही जेरिकोचे घोडे धावतात, आणि छायाचित्रातील घोडा जागच्या जागी उडी मारून थबकल्यासारखा दिसतो. शिल्पकार रोदँ याने पॉल ग्सेल याच्याशी झालेल्या व १९११ मध्ये ग्रंथरूपाने आलेल्या संवादांत याचे कारण दिले. कलावंत एकाच आकृतीत देहाचे निरनिराळे भाग निरनिराळ्या क्षणांचे ठेवतो, आणि पाहणाऱ्याची नजर त्या भागांवरून फिरताना गती घडते, असा त्याचा आशय होता. मर्लो-पाँती याने १९६१ च्या ‘डोळा आणि मन’ या निबंधात हाच धागा पुढे नेला. एचएसआर लेआउटमधील शिकाऊच्या फसलेल्या कुत्र्याचे स्पष्टीकरण येथे मिळते. त्याने एक क्षण अचूक उतरवला. गतीला मात्र एकाहून अधिक क्षण लागतात.

येथे लेसिंगची आठवण अपरिहार्य ठरते. ‘लाओकून’ (१७६६) मध्ये त्याने काव्याला काळ आणि चित्राला अवकाश वाटून दिला, आणि चित्रकाराने परमोच्च बिंदूच्या अलीकडचा, कल्पनेला वाव देणारा क्षण निवडावा असे सुचविले. तौलनिक साहित्याभ्यासात ही वाटणी अनेकदा उद्धृत होते. तिच्यातील एक गृहीत मात्र क्वचित तपासले जाते. क्षण निवडणारा चित्रकार त्या क्रियेच्या बाहेर उभा आहे, तो केवळ डोळा आहे, असे लेसिंग धरून चालतो. भारतीय परंपरेतील एक प्रमुख ग्रंथ याच्या नेमके उलट सांगतो. विष्णुधर्मोत्तर पुराणाच्या तिसऱ्या खंडात वज्र राजा मूर्तिकला शिकू पाहतो, तेव्हा मार्कंडेय त्याला क्रमाने मागे नेतात. मूर्तीसाठी चित्र, चित्रासाठी नृत्त, नृत्तासाठी वाद्य आणि वाद्यासाठी गीत यांचे ज्ञान हवे, असा तो क्रम आहे. त्याच खंडातील चित्रसूत्रात लाटा, ज्वाळा, धूर आणि पताका वाऱ्याच्या वेगासह रंगवू शकणाऱ्यालाच चित्राचा जाणकार मानले आहे. या विधानांकडे पौराणिक अलंकरण म्हणून पाहण्याची सवय आहे. परंतु ती अध्यापनाची सूचना म्हणून वाचली तर तिची सत्यता एका आधुनिक चित्रकाराच्या उदाहरणावरून पडताळता येते.

तो चित्रकार म्हणजे के. के. हेब्बर (१९११–१९९६). उडुपीजवळच्या कट्टिंगेरी येथे जन्मलेले हेब्बर जे. जे. मध्ये शिकले, तेथेच काही काळ शिकवू लागले आणि आयुष्यभर मुंबईत राहिले. जन्माने कर्नाटकाचे व घडणीने मुंबईचे असलेल्या या चित्रकाराची चित्रे बंगळूरच्या वेंकटप्पा चित्रशाळेच्या संग्रहात आहेत. म्हणजे एचएसआर लेआउटमधील शिकाऊच्या शहरातच हे उदाहरण आहे. अकादमीतील सर्व शिक्षण पुरे झाल्यावर, चित्रकार म्हणून नाव झालेले असताना, हेब्बर यांनी पंडित सुंदरप्रसाद यांच्याकडे दोन वर्षे कथक शिकण्यात घालवली. हेतू नर्तक होण्याचा नव्हता, लय कळावी हा होता. नर्तकांची, वादकांची, कष्टकऱ्यांची त्यांची पुढची रेखाटने पाहिली की या शिक्षणाचा अर्थ ध्यानात येतो. त्यांत देहाची बाह्यरेषा नसते. वजन एका पायावरून दुसऱ्यावर जाताना देहातून जी वाट काढते, तिची रेषा असते. तुळुनाडूतील कोंबड्यांची झुंज त्यांनी रंगवली तेव्हा हीच दृष्टी माणसाकडून पक्ष्याकडे गेली.

कथकाने नेमके काय दिले असावे, याचा विचार करताना ‘सम’ या कल्पनेपाशी थांबावे लागते. चक्कर घेत असलेला नर्तक समेवर येऊन थांबतो, आणि त्या थांबण्यात मागची सारी गती साठलेली असते. जाणता प्रेक्षक सम येण्याच्या अगोदरच मान हलवण्याच्या तयारीत असतो. लेसिंगचा निवडक क्षण प्रेक्षकाच्या कल्पनेला आवाहन करतो. सम त्याच्या मानेला, श्वासाला, पायाच्या बोटाला आवाहन करते. चित्रातील गतीही अशीच पाहणाऱ्याच्या अंगात पुरी होते. ज्याने स्वतःच्या पायांनी समेकडे येण्याचा ताण अनुभवला आहे, त्याला कोणता क्षण घ्यावा हे नियमाने ठरवावे लागत नाही.

तैलरंगाच्या माध्यमात या ज्ञानाची कसोटी अधिक कठोर होते. रेखाटन क्षणात होते. तैलचित्र दिवसांवर, आठवड्यांवर पसरते. जवसाच्या तेलातील रंग पाणी उडून जावे तसा वाळत नाही, हवेतील प्राणवायूशी संयोग होऊन घट्ट होतो. अंबरसारखे मातीचे रंग लवकर वाळतात, हस्तिदंती काळा रेंगाळतो. खालच्या थरापेक्षा वरच्या थरात तेलाचे प्रमाण अधिक ठेवावे लागते, नाहीतर चित्र तडकते. वेगाचा विषय आणि संथ माध्यम यांच्यातील हा विरोधच शिकाऊला अडवतो. तथापि ज्या संथपणाने अडचण होते, त्यातच सोयही आहे. ओल्या रंगात ओला रंग ओढला की कडा हरवते. धावत्या कुत्र्याची पाठ जेथे पार्श्वभूमीत विरते आणि जमिनीला रेटणारा मागचा पाय जेथे कठोर कडेने उभा राहतो, त्या दोन कडांच्या फरकात वेग दिसतो. कोठली कडा हरवू द्यावी हे छायाचित्र सांगू शकत नाही, कारण त्यात सर्व कडा सारख्याच स्पष्ट किंवा सारख्याच पुसट असू शकतात. ते सांगते वजनाची जाणीव, आणि ही जाणीव चित्रकाराच्या स्वतःच्या देहातून येते.

या टप्प्यावर मर्ढेकरांकडे परत येता येते. कुत्र्याच्या हरवलेल्या पाठीचे व कठोर पायाचे नाते त्यांच्या परिभाषेत विरोधलयीचे उदाहरण ठरेल, आणि ते वर्णन चूक नाही. परंतु मर्ढेकरांची लय हा सिद्ध कलाकृतीतील घटकांमधील संबंध आहे. तो संबंध कोणाच्या अंगातून आला, याला त्या व्यवस्थेत स्थान नाही. हेब्बर यांची लय आधी अंगात येते, मग रेषेत. दोन्ही एकाच काळात, एकाच मुंबईत घडत असताना मराठी समीक्षेने पहिली स्वीकारली आणि दुसरीकडे चरित्रातील रंजक तपशील म्हणून पाहिले. आश्चर्य असे, की मराठी भाषेला ही दुसरी लय पूर्वीपासून ठाऊक आहे. कौशल्य आले की आपण ‘हात बसला’ म्हणतो. सवय झाली की ती ‘अंगवळणी पडली’ म्हणतो. शिकणे म्हणजे अंगाला वळण लागणे, ही जाण बोलीत आहे, सौंदर्यशास्त्रात नाही.

या भूमिकेवर एक आक्षेप संभवतो. पंढरपुरात जन्मलेल्या मकबूल फिदा हुसेन (१९१५–२०११) यांनी नृत्याचे असे शिक्षण घेतल्याचे त्यांच्या कीर्तीत कोठे येत नाही, आणि तरीही गतिमान प्राण्याचे विसाव्या शतकातील सर्वांत ओळखीचे भारतीय रूप म्हणजे त्यांचा घोडा. या आक्षेपाचे उत्तर त्यांच्या उमेदवारीत आहे. मुंबईत त्यांनी सिनेमाचे प्रचंड फलक रंगवले. तेवढ्या आकाराची रेषा मनगटातून निघत नाही. ती खांद्यातून, पाऊल मागे-पुढे टाकत ओढावी लागते. म्हणजे नृत्य अनिवार्य नाही, अंगाचा सहभाग अनिवार्य आहे. मात्र हुसेन यांचे उदाहरण या भूमिकेची मर्यादाही दाखवते. अंगवळणी पडलेली रेषा डोळ्याची वाट पाहत नाही. पुढील दशकांतील त्यांच्या अनेक घोड्यांत मान, आयाळ आणि उसळी ओळखीच्या वळणानेच येते, आणि घोडा हे निरीक्षण न राहता सही बनते. जे वळण हाताला मुक्त करते तेच त्याला साच्यात बसवू शकते. म्हणून अकादमीने धरलेला निरीक्षणाचा आग्रह टाकून देता येत नाही. तिची चूक निरीक्षणाच्या आग्रहात नव्हती, स्थिर देह हाच निरीक्षणाचा विषय मानण्यात होती.

एचएसआर लेआउटमधील त्या शिकाऊपुरता या विवेचनाचा निष्कर्ष साधा आहे. आगारा तलावाच्या काठी धावणारा कुत्रा त्याने छायाचित्रात न थांबवता पाहावा, दृष्टीआड झाल्यावर स्मरणातून पाच-सात रेषांत मांडावा, आणि त्याच्या मागच्या पायाचा रेटा स्वतःच्या पायात घेऊन पाहावा. छायाचित्र त्यानंतर, शंकानिरसनापुरते उघडावे. समीक्षेपुरता निष्कर्ष अधिक अवघड आहे. लय ही केवळ कलाकृतीचा गुण नसून ती कमावण्याची गोष्ट आहे, हे मान्य केले तर कलावंतांच्या उमेदवारीची वर्षे, त्यांच्या वह्या, त्यांचे गुरू आणि धुरंधरांच्या आत्मकथनासारखे ग्रंथ सौंदर्यशास्त्राच्या परिघाबाहेर ठेवता येणार नाहीत. हेब्बर यांची कथकाची दोन वर्षे मग चरित्राची तळटीप राहत नाहीत. मर्ढेकरांनी अनुत्तरित ठेवलेल्या प्रश्नाला मुंबईतच मिळालेले ते एक उत्तर ठरते.